वजन उतरवायचे दिवस

आमच्या घरात उपास कुणी करत नसे. आजीनं देव नदीत सोडले तेव्हा उपासही त्यांच्यासोबत सोडून दिले, असं आई सांगायची. पण तिचं स्वतःचं कारण वेगळं होतं. मोठ्या दुष्काळात ती करमाडच्या पुढं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. त्या कामावर खायला जी सुकडी वाटत, तिच्या मुठीसाठी सख्खी भावंडं एकमेकांच्या अंगावर कशी धावून जात, हे तिनं आम्हाला एकदाच सांगितलं आणि परत कधी विचारू दिलं नाही. तिला पातेलं खरवडल्याचा आवाज सहन होत नसे. उलथनं तळाला घासलं की ती दारात असो की नळावर, तिथूनच म्हणायची, "खरवडू नको, अजून टाकते." भावसिंगपुऱ्याकडच्या आमच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत सकाळ उजाडायची ती तिच्या भाकरी थापण्यानं. त्या थापांच्या तालावर आबांचं दाढी करणं, माझी वेणी, दादाचं बूट बांधणं, सगळं चालायचं. आबा, म्हणजे माझे वडील, वाळूजला कारखान्यात होते, पाळीवर. त्यांच्या पायांवर सूज यायची, रक्तदाबही होता, म्हणून डॉक्टरांनी पाणी उतरायची गोळी दिली होती. ती घेतली की त्यांना सारखं लघवीला जावं लागायचं आणि पाळीवर पंचाईत व्हायची, म्हणून ते ती सुट्टीच्या दिवशी जास्त आणि कामाच्या दिवशी कमी, अशी आपल्या मनानं घेत. ही गोळी आधीच सांगून ठेवते. लपवायची सवय इतकी जुनी आहे की नंतर सांगायचं ठरवलं तर मी तिला वळसा घालून निघून जाईन.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मिलिंद. बुटका, काटक, लांब हातांचा. बॉक्सिंग त्याला उस्तादांनी शिकवलं. उस्ताद फौजेतून निवृत्त झालेले, शहागंजच्या मागच्या गल्लीत राहायचे, आणि महापालिकेच्या एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये पोरांना खेळवायचे. रिंग नव्हतीच. चार कोपऱ्यांत चार बाकं उभी करून मधे दोर बांधायचे. तिथून दादा जिल्हा, राज्य, देश असं करत थेट ऑलिंपिकला पोचला, सगळ्यांत हलक्या वजनाच्या गटात, आणि पहिल्याच लढतीत हरून परत आला. तरी आमच्या वस्तीनं त्याला उघड्या जीपमधून फिरवलं. दादा त्या जीपमध्ये इतका अवघडून उभा होता की खालून कुणीतरी ओरडलं, "अरे मिल्या, हात तरी वर कर, आम्ही काय पुतळा आणलाय का?" तेव्हा त्यानं हात वर केला. घरी आल्यावर ऑलिंपिकचा कोट काढून खुंटीला लावला आणि आईला म्हणाला, "आणखी एकदा जायाचं. ह्या खेपेला हरायला नाय." आई म्हणाली, "आधी जेव."

पुढच्या निवडीपर्यंत दादाचं अंग भरलं. पंचविशीचं अंग, ते भरणारच. पण वरच्या गटात हरियाणाचा एक उंच पोरगा होता, त्याच्यापुढं दादाचा निभाव लागणार नाही असं उस्तादांचं मत होतं. "तेरा नंबर नीचे का है, नीचे इच रह," एवढंच ते म्हणाले, आणि आमच्या घरात वजन उतरवायचे दिवस सुरू झाले.

बॉक्सर वजन कसं उतरवतात हे बाहेरच्याला सांगितलं तर खोटं वाटतं. दादा अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून वरून दोन स्वेटर घालायचा आणि विद्यापीठामागच्या लेण्यांच्या पायऱ्या पळत चढायचा-उतरायचा. परत आला की स्वेटर पिळला तरी पाणी निघायचं. तोंडात चिंचोका ठेवून डब्यात थुंकत बसायचा, कारण थुंकीलाही वजन असतं. पाणी घोटभर, तेही चूळ भरल्यासारखं. जेवण म्हणजे मुगाचं कढण आणि पातळ पापुद्र्याची एक भाकरी. सकाळी उस्ताद त्याला शहागंजात त्यांच्या भावाच्या भुसार दुकानात न्यायचे, कारण भरवशाचा काटा तिथंच होता. ज्वारीची पोती उतरवून घेतलेल्या त्या लोखंडी पाटावर दादा चड्डीवर उभा राहायचा. हमाल थांबून बघायचे. एक म्हातारा हमाल रोज विचारायचा, "पैलवान, आज कोणत्या भावानं सुटला माल?" दादा हसायचा. मग काटा स्थिर झाला की हसणं बंद व्हायचं. वजन उतरत नव्हतं. उतरायचं जरासं, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच. आधी उस्ताद गप्प होते. मग एके दिवशी हमालांसमोर म्हणाले, "कायकू झूट बोलता रे मेरेकू? घर में छुपके खाता क्या?" दादानं मान हलवली. "हवा खाके वजन बढ़ता क्या मियाँ? हवा बी कम खा फिर." ज्या माणसानं आपल्याला बापासारखं वाढवलं त्यानं चोर म्हणावं, हे दादाला किती लागलं ते त्या दिवशी तो घरी आला तेव्हा मला दिसलं. त्यानं कढणाची वाटी अर्धी बाजूला सारली. म्हणाला, "आजपासून एवढंच."

आणि मला माहीत होतं.

त्याच्याही काही दिवस आधी मी कॉलेजातून लवकर आले होते. आई पाट्यावर शेंगदाणे वाटत होती, भाजून, टरफल काढून, इतके बारीक की ते पीठ वाटावं. बाजूला लोण्याची वाटी. तिनं ते कढणात घातलं, घोटलं, वरून हळद टाकली, की रंग जागच्या जागी. दादाच्या भाकरीच्या पिठाचाही डबा वेगळा होता, त्यातही हेच कूट मिसळलेलं. मी दारात उभी राहून बघितलं. "आई, त्याचं वजन..." तिनं मागं न बघता सांगितलं, "तथागतसुद्धा बसले व्हते उपाशी. काय मिळालं? पाठीची हाडं मोजता यायची म्हणं. मग सुजातेनं खीर दिली तवा डोळे उघडले त्यांचे. तुला त्याच बाईचं नाव ठेवलंय मी. तू गप राहा." मी गप्प राहिले. आईचं मला पटलं होतं असं नाही. पण दादाच्या बरगड्या मीही बघत होते. आणि दादा कढण पिऊन म्हणायचा, "आई, तुझ्या हाताला आजकाल लई चव आलीय. का उपाशी माणसाला सगळंच गोड लागतं?" आई पदराला हात पुसत आत जायची. आज मागं वळून बघताना वाटतं, त्या वाक्याला मी तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. एक भांडण झालं असतं, दादा दोन दिवस उस्तादांकडं जेवला असता, संपलं असतं.

निवड चाचणी उत्तरेत होती, रेल्वेनं एक दिवस आणि एक रात्र. दादा निघाला त्या सकाळी त्याचे ओठ फुटलेले होते आणि डोळे खोल गेलेले. थुंकायचा प्रयत्न करत होता, थुंकी येत नव्हती. काटा अजूनही त्याच्या बाजूचा नव्हता, आणि रिंगणात उतरायच्या आधी काट्यावरच बाद होऊन परत यायची त्याला जी भीती होती, ती मी पुढं नर्स होऊनही आजवर कुठल्या रोग्याच्या तोंडावर बघितली नाही. आबा रात्रपाळी करून आले होते आणि झोपले होते. त्यांची पिशवी खुंटीला होती, गोळ्यांचं पाकीट तिच्या आतल्या कप्प्यात. मी बारावीला विज्ञान शाखेत होते, ती गोळी काय करते हे मला माहीत होतं, म्हणजे तेवढंच माहीत होतं. आईनं अंगात घातलेलं मी काढते आहे, असा माझा हिशेब होता. खेळात ही गोळी चालत नाही, ती घेणाऱ्याला चोर ठरवतात, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी दोन गोळ्या लाटण्याच्या टोकानं चिरडल्या आणि त्याच्या कोऱ्या चहात घातल्या, वरून लिंबू पिळलं. त्याला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर का म्हणून सांगावं लागलं असतं, आणि मग आईचं नाव आलं असतं. अर्धा कप पिऊन त्यानं कडू तोंड केलं, म्हणाला, "सुजे, चहा तरी धड कर," आणि बॅग उचलली. ह्या घरात एक बाई त्याच्या अंगात चोरून घालत होती आणि दुसरी चोरून काढत होती, आणि ज्याचं अंग होतं तो बिचारा रेल्वेत उभ्या-उभ्या देवाचे नाही तर उस्तादांचे आभार मानत असेल.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या साळवेकाकूंच्या फोनवर त्याचा फोन आला. "उतरलं गं, उतरलं," तो म्हणाला, "सांग आईला. गाडीत सारखं जावं लागत व्हतं. अंगानं साथ दिली शेवटी." लढतीत त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, तिसऱ्या फेरीत तो जवळजवळ एका पायावर होता, तरी जिंकला. अंतिम लढतही जिंकला. त्याची निवड झाली. वस्तीच्या तोंडाशी त्याचा फलक लागला, फोटोत ऑलिंपिकचा कोट. आईनं त्या दिवशी खीर केली आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत त्याच्या वाटीत तूप ओतलं.

फलक उतरायच्या आत बातमी आली. जिंकल्यावर त्याची लघवी तपासायला घेतली होती, तशी सगळ्यांचीच घेतात. उस्ताद स्वतः सांगायला आले. त्यांना आमच्या घरी मी इतक्या वर्षांत कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं, ते नेहमी उंबऱ्यातच उभे राहत. त्या दिवशी आले आणि बसले. औषधाचं नाव त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. "पेशाब की गोळी है," ते म्हणाले. "वजन के वास्ते खाते लोगां. घर में कोई खाताय क्या ये?" आबा उठले, पिशवीतून पाकीट काढलं, उजेडाला धरून बघितलं, आणि कुणाशी न बोलता दादाच्या मांडीवर टाकलं. दादा ते पाकीट बघत राहिला. त्याला पहिल्यांदा खरंच काही कळलं नाही. मग कळलं, आणि तो उठून बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर जाऊन उभा राहिला. आमच्यात शपथा घेत नाहीत. त्यानं घेतली. "मी घेतली नाय. आबा, तुमच्यासमोर सांगतो, मी घेतली नाय." आबा म्हणाले, "मग काय पाकिटाला पाय फुटले?" उस्ताद म्हणाले, "बेटा, बोल दे. बोल दिया तो हल्की सजा होती." दादा परत म्हणाला, "घेतली नाय." मी चुलीपाशी उभी होते, हातात पाण्याचे पेले होते. मी ते पेले सगळ्यांना दिले. एवढंच केलं. उस्तादांनी पाणी घेतलं नाही.

मी का बोलले नाही ते मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यातलं कुठलं खरं, ते मलाच कळत नाही. आबांची भीती होती. नर्सिंगला प्रवेश मिळणार होता, तो जाईल असं वाटलं. आणि बोलले असते तरी दादा सुटला नसताच, अंगात निघालं ते निघालं, असंही मी मनाला समजावलं. यांतलं काहीच त्याला चोर ठरू द्यायला पुरेसं नव्हतं. चौकशीला तो एकटा गेला, तिथंही तेच म्हणाला, आणि कबूल केलं नाही म्हणून त्याला जास्तच शिक्षा झाली. बंदी उठेपर्यंत त्याची खेळाची उमर संपली होती.

पण मला आजही जे सोडत नाही ते उस्ताद उठून गेल्यानंतरचं आहे. आईनं मला नळावर बोलावलं. बादली भरत होती, आवाज कुणाला जाऊ नये म्हणून नळ तसाच सोडला. "सुजा," ती म्हणाली, "माझं पोरगं खोटं बोलत नाय. गोळी नाय म्हणतो म्हणजे नाय. मग त्याच्या लघवीत निघालं ते माझंच. ते शेंगदाण्याचं, लोण्याचं. व्हय ना?" विज्ञान शिकणारी मी. एका वाक्यात तिला मोकळी करू शकत होते. शेंगदाणे सापडत नाहीत गं आई, असं म्हणायला काय लागत होतं? पण मग निघालं ते कुठून आलं, हे पुढचं वाक्य होतं. मी म्हणाले, "मला नाही माहीत." तिनं मान हलवली, जशी एखादी बाई भाव ऐकून मान हलवते, आणि बादली उचलली.

त्या दिवसापासून आईनं दादाला स्वतःच्या हातानं वाढलं नाही. भाकरी करायची, पण ताट मला द्यायला लावायची. मी लग्न होऊन गेले तेव्हा वहिनीला. दादा स्वयंपाकघरात आला की ती काहीतरी निमित्त काढून बाहेर जायची. आबा गेले तरी हे तसंच राहिलं. मी दवाखान्यात नोकरीला लागले, पुरुषांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं ती गोळी वाटली, प्रत्येक वेळी रोग्याला नाव विचारून, दोनदा विचारून. सोबतच्या सिस्टर हसायच्या, "बाई, कागदावर आहे की." आई गेली ती मागच्या हिवाळ्यात, झोपेत, शांतपणे, असं सगळे म्हणतात. ती काय मनात घेऊन गेली ते मला माहीत होतं.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि आठवड्यानं मी वाळूजला दादाकडं गेले. तोही आबांसारखाच कारखान्यात लागला होता, आता निवृत्तीला आलाय. सकाळी समाजमंदिराच्या पटांगणात पोरांना बॉक्सिंग शिकवतो. त्या दिवशी पोरं गेली होती, तो ग्लोव्ह्ज उन्हात पालथे मांडत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगितलं नसतं. चहा, लाटणं, लिंबू. तो ऐकत राहिला, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हसला.

"उगा माझ्यासाठी अंगावर घेऊ नको," तो म्हणाला. "गोळी मीच घेतली व्हती. मला आठवतंय की."

मला वाटलं, माझी समजूत काढतोय. पण तो सांगू लागला. आबा दुसऱ्या पाळीला गेले होते, दुपार होती, कोनाड्यातलं पाकीट त्यानं काढलं, माठातलं पाणी घेतलं, पाणी गार होतं. इतकं बारीक सांगितलं की मी क्षणभर स्वतःवरच शंका घेतली. "दादा," मी म्हणाले, "आपल्या घराला कोनाडा नव्हता. पत्र्याचं घर होतं." तो ग्लोव्ह उलटा करत म्हणाला, "बरीच वर्षं मीपण म्हणत व्हतो, नाय घेतली, नाय घेतली. रस्त्यानं चालताना म्हणायचो. पागल व्हायची पाळी आली. मग एक दिवस तुझ्या वहिनीला म्हणलं, घेतली व्हती मी. त्या दिवशी झोप लागली. मग पोरांना सांगाया लागलो, बाबांनो, मी अशी गोळी घेतली, तुम्ही घेऊ नका. दरवर्षी नव्या पोरांना सांगतो. आता तू म्हणतीस नाय घेतली. मग मी त्यांना काय सांगू?"

ह्या माणसाचं पदक, गटातली जागा, नाव गेलं एवढंच मी आजवर धरून होते. त्याची आठवणसुद्धा मी खाल्ली होती, हे मला त्या उन्हात उभं राहून कळलं. मग मी उरलेलं सांगितलं. शेंगदाणे सांगितले, लोणी सांगितलं, नळावरचं आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

तो खाली बसला. ग्लोव्ह्जच्या रांगेत, धुळीतच.

"म्हणून ती मला वाढत नव्हती?" त्यानं विचारलं.

"हो."

"तिला वाटायचं, माझ्या हातचं खाऊन ह्याचं वाटोळं झालं?"

"हो."

"मला वाटायचं तिला माझी लाज वाटती," दादा म्हणाला. "शेवटपर्यंत. मी तिच्यापुढं कधी बसून जेवलो नाय गं. म्हणलं, कशाला तिला आणखी."

रस्त्यावरून पाळीची बस गेली, तिची धूळ आमच्यावर आली, आम्ही कुणीच तोंड फिरवलं नाही. तो मला शिव्या देईल, निदान जा म्हणेल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो जमिनीकडं बघत होता, आणि लहानपणी गणित अडलं की जशी कपाळाला आठी पडायची तशी त्याच्या पिकलेल्या भुवयांमध्ये आठी पडली होती.

"म्हणजे मी घेतलीच नव्हती," तो म्हणाला.

"नाही दादा. तू घेतली नव्हतीस."

त्यानं वर बघितलं.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.